चोरांच्या वहीतला माझा फोटो

आई, इथे ग्योतोकु स्टेशनजवळच्या पाचिंकोच्या दुकानात एक वही आहे आणि तिच्यात माझा फोटो चिकटवलेला आहे. ती वही चोरांची आहे. यंत्राला लोहचुंबक लावणारे, काचेच्या फटीतून तार घालणारे असे लोक पुन्हा आत शिरू नयेत म्हणून दुकानवाल्यांनी ती ठेवली आहे. मी चोरी केली नाही. मी माझ्या पायांनी गेले, माझ्या हातांनी फोटो दिला आणि सांगितलं, मला आत घेऊ नका. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं. लग्न झालं, मुलगी झाली, जपानला आले. लिहायला बसले ते मात्र हे घेऊन, आणि हे चांगलं केलं की माझी शोभा करून घेतली, तेच मला अजून कळलेलं नाही.

पाचिंको म्हणजे भिंतीला टेकवलेली उभी काचेची यंत्रं. उजव्या हाताने एक मूठ पिळायची, की लोखंडाचे बारीक छर्रे वर उडतात आणि खिळ्यांमधून ठेचकाळत खाली येतात. एखादा नेमक्या भोकात पडला की आणखी छर्रे धबाधब ओतले जातात. बस, एवढंच. तू म्हणाली असतीस, यात डोकं कुठे चालतं? नाहीच चालत, म्हणून तर बरं वाटायचं. तुझा जावई सकाळी कंपनीत, मुलगी योचिएनमध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत. बाहेर पडलं की दुकानात, बसमध्ये, कचरा टाकायच्या जागीसुद्धा मला बोलता येत नाही म्हणून हसत उभं राहावं लागायचं. पाचिंकोत इतका गोंगाट असतो की तिथे कुणीच कुणाशी बोलत नाही. त्या रांगेत मी पहिल्यांदा इतरांसारखी एक बाई झाले. जिंकलेल्या छर्‍यांची चॉकलेटं मिळायची, ती मुलीला द्यायची आणि मनातल्या मनात सगळं फिटलं असं धरायचं.

मग एके दिवशी दोन वाजता न्यायचं होतं त्या मुलीला मी सव्वातीनला न्यायला गेले. फाटकापाशी तिच्या बाई चपलांच्या कपाटाच्या पायरीवर तिच्याशेजारी बसल्या होत्या. मुलगी टोपी घालून, दप्तर पाठीला लावून अगदी ताठ बसली होती. रडली नाही. "मामा, ओसोइ," म्हणाली, म्हणजे आई, उशीर झाला, एवढंच. बाईंना मी सांगितलं, गाडी लेट झाली. आम्ही सायकलवर आठ मिनिटांवर राहतो, वाटेत गाडी नाहीच, हे बाईंना माहीत होतं. त्या वाकून म्हणाल्या, काळजीत होतो. मला त्या क्षणी आपल्या क्वार्टरचं दार दिसलं, कुलूप लावलेलं, आणि शाळेतून आलेली मी पायरीवर. किल्ली तुझ्याकडे, तू पत्त्यांत. मी तेव्हा ठरवलं होतं की तुझ्यासारखी आई व्हायचं नाही. राग मानू नकोस, पण ठरवलं होतं.

तू त्या संक्रांतीला काय केलंस ते मला पायरीइतकंच स्वच्छ आठवतं. साखर कारखान्याच्या त्या वसाहतीत दुपारी पुरुष कामावर गेले की आठ घरच्या बायकांचा आणि तुझा रमीचा डाव पडायचा, पैसे लावून. पैशांचं काय झालं ते बाबांनी निस्तरलं, त्याबद्दल मी बोलणार नाही. तू हिरवी साडी नेसलीस, तिळाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिलास आणि घरोघर निघालीस. हळदीकुंकू घेतलंस, लाडू दिलास आणि प्रत्येक घरी तेच वाक्य बोललीस. "तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि मला डावाला बोलावू नका. मी आपणहून आले तरी दारातून परत पाठवा." बायका हसल्या. एक काकू म्हणाल्या, "अहो, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! यायचं नसेल तर येऊ नका, गावभर दवंडी कशाला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सात घरं झाली. आठवं घर कारखान्याच्या केमिस्टबाईंचं, दवाखान्याच्या मागे. त्या वळणावर तू थांबलीस. "तिळगूळ संपला, चल घरी," म्हणालीस.

चैत्रात एकदा पुन्हा दाराला कुलूप होतं, तेव्हा मी थेट केमिस्टबाईंकडे गेले. तू तिथेच होतीस, हातात तेरा पानं. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मग सात घरी तोंड कशाला वेंगाडलंस?" दहा वर्षांची होते मी, पण बोलले ते मोठ्या माणसासारखं, आणि लागावं म्हणूनच बोलले. तू पानं पालथी ठेवलीस, चपला घातल्यास आणि निघालीस. घरी स्टोव्ह पेटवलास, उपमा केलास, माझ्यापुढे ताटली ठेवलीस आणि मग म्हणालीस, "सात दारं मी माझ्या हातांनी लावून घेतली, ती नाही मोजलीस. एक उघडं राहिलं तेवढं दिसलं तुला." मला तेव्हा वाटलं, ही सबब आहे. आज वाटतं, सबब होती आणि खरंही होतं. कारण त्या संक्रांतीआधी रोज कुलूप असायचं, आणि नंतर महिन्यातून एखाद्या वेळी. हे मी तेव्हा खरोखरच मोजलं नाही.

तर ओसोइच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो घेऊन दुकानात गेले. मॅनेजरला आधी वाटलं मी तक्रार घेऊन आले आहे, तो दोनदा वाकून माफी मागून मोकळा झाला. माझ्या मोडक्या जपानीत त्याला कळेपर्यंत माझे कान लाल झाले. मग तो म्हणाला, असं कुणी सांगायला येत नाही, आमच्याकडे अशांची यादी नाही, एक ही वही आहे, चालेल का? चालेल म्हटलं. "किती दिवस?" त्याने विचारलं. मी याचा विचारच केला नव्हता. मुलगी मोठी होईपर्यंत, म्हणाले. त्याने ते लिहून घेतलं. मग अगदी हळू, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "उद्या तुम्हीच आलात आणि नाव काढा म्हणालात, तरी आम्ही काढणार नाही. हेही चालेल?" मला त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेसे वाटले. घरी तुझ्या जावयाला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, सिंपल आहे, जाऊ नकोस. विल पॉवर ठेव. दुकानदाराला कशाला मध्ये घेतेस?" त्या काकूंचंच वाक्य, फक्त पँट घातलेलं.

तीन आठवडे मी त्या रस्त्याने गेले नाही. चौथ्यात गेले. दारातल्या माणसाने वाकून "इराश्शाइमासे" म्हटलं, या या, आणि मी आत जाऊन बसलेसुद्धा. त्याने ओळखलंच नाही. ओळखणार कसा? मी दिलेला फोटो व्हिसाच्या वेळचा होता: साडी, लांब वेणी, रुपयाएवढं कुंकू. इथे मी पहिल्या हिवाळ्यापासून जीन्समध्ये आणि केस मानेपर्यंत कापलेले. यंत्राच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, त्यावरून छर्रे घरंगळत होते. घरात दुसरे फोटो होते, आई. ड्रॉवरमध्ये वरच होते. हा मी खालून शोधून काढला होता.

मूठ सोडली. वेळेत सोडली की कसं, ते सांगता येत नाही, पण सोडली, आणि मॅनेजरला जाऊन म्हटलं, ती वहीतली बाई मीच. त्याने वही आणली, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. आणि मग तोच कमरेत वाकला, ओळखलं नाही, आमची चूक झाली. फसवलं मी आणि माफी तो मागतोय. मी स्टेशनवरच्या फोटोच्या खोक्यात जाऊन बसले, जीन्समध्ये, आखूड केसांत. एका वेळी चार फोटो निघतात. एक नेऊन दिला.

त्यानंतर एकदाच गेले. सायकल लावत होते तोवरच दारातल्या माणसाने पुढे येऊन छातीशी दोन्ही हातांची फुली केली आणि खाली मान घालून म्हणाला, "ओकुसान, सुमिमासेन." बाईसाहेब, माफ करा. मला असा राग आला की सायकल अंगावर घालावी त्याच्या. आणि त्या रागाच्या खाली, कसं सांगू, कुणीतरी माझ्या हातातलं ओझं घेतल्यासारखं वाटलं. दोन्ही एकदम. त्यातलं खरं कोणतं, हे मी अजून शोधते आहे. त्या दिवशी फाटकापाशी मी वीस मिनिटं आधी पोचले. मुलगी धावत आली, "मामा, हायाइ!" म्हणाली. लवकर आलीस! तेव्हापासून ती रोज आधी फाटकाकडे बघते आणि मी तिथे असते.

आता सकाळचे दहा वाजले आहेत, ती शाळेत आहे. हे पत्र मी डाळीच्या डब्यामागे ठेवीन, कुठे पाठवणार? मी तुला त्या दिवशी वेंगाडलंस म्हणाले, त्याची माफी मागायला बसले होते, पण आधी दुसरंच सांगायला हवं. केमिस्टबाईंच्या वळणावर तिळगूळ संपला नव्हता. डबा माझ्या हातात होता, जड लागत होता. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मीही काही बोलले नाही.

दर गुरुवारी मी जपानी शिकायला उरायासुला जाते. क्लासच्या वाटेवर पाचिंकोचं तसंच एक दुकान आहे, तिथे मी फोटो दिलेला नाही. माझ्या पर्समध्ये तीन फोटो शिल्लक आहेत, चांगले, ओळखू येणारे. त्या दुकानाचं मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, म्हणजे कुणालाच सांगितलं नाही, हे मला कळतं. आज बुधवार आहे.