तीन फर्लांगांवरची विहीर

११ एप्रिल १९७८, मंगळवार

पाटी मीच लिहायची! सेल्वनायगम सारांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. ट्रॅकची देखभाल त्यांच्याकडे, आणि मी त्यांच्या हाताखाली — गवत, रेलिंग, खांब. हंगामाच्या पहिल्या दिवशी क्लबच्या दारात ट्रॅकच्या इतिहासाची पाटी लागणार. "अक्षर ह्याचंच पाहिजे. चूक सापडायची नाही."

माझी शाळा आठवीत सुटली. तरी सगळे मला वाद्यार म्हणतात — मास्तर. निम्मे चेष्टेने.

चूक सापडायची नाही, म्हणाले. तेव्हापासून जेवण गेलेलं नाही.

१३ एप्रिल

आजवर जमलेलं: आधी इथे पाणथळ होतं, डोंगरातल्या तोडा लोकांच्या म्हशी चरायच्या. १९०२ साली भराव टाकून ट्रॅक केला. एक फेरी दहा फर्लांगांची — आताच्या मापाने दोन हजार मीटर. (वर बारा मीटर उरतात. लिहायचे का? सारांना विचारणे.) दगडी स्टँड आणि समोरचा जिंकायचा खांब तेव्हापासून जागचे हललेले नाहीत. बाकीचे खांब त्याच्यापासून मागे मोजत लावलेत — दोनशे, चारशे, सहाशे. म्हणजे घोड्याला अजून किती पळायचं उरलं ते.

रेस झाली की टापांचे खड्डे पायांनी दाबत जाणाऱ्या बायकांबद्दल कागदांत एक ओळही नाही. पोन्नम्मा त्यांची मुकादम. तिला सांगितलं तर म्हणाली, "आम्हाला कशाला पाटी? आमचं लिहिलेलं घोडे दर रेसला पुसतात."

१५ एप्रिल

सावकाश लिहितो.

कपाटात ट्रॅक बांधणाऱ्या कंत्राटदाराचं पत्र सापडलं. इंग्रजी, पण सोपं. 'एक विहीर होती. जिंकण्याच्या खांबाच्या अलीकडे तीन फर्लांग, आतल्या रेलिंगपासून नऊ फूट. फळ्या टाकून वर माती व गवत केले आहे.'

बुजवली असं कुठेही नाही! नुसती झाकली. शहात्तर वर्षांच्या फळ्या!

तीन फर्लांग म्हणजे सहाशेचा खांब. तिथे वळण. वळणावर जॉकी आतल्या रेलिंगला चिकटून येतात. दुरैपांडी मच्चान — माझ्या वडिवु अक्काचा नवरा — सगळ्यांत जास्त चिकटून. त्याचं नावच त्यासाठी आहे.

१६ एप्रिल

सहाशेला चार फुटी सळईने वीस ठिकाणी टोचून पाहिलं. नुसती माती. फळ्या त्याहून खोल असणार.

पोन्नम्मा लांबून ओरडली, "वाद्यार, गवताला सुया देतोस का? ताप आलाय त्याला?"

सारांना पत्र दाखवलं. उकरून बघू म्हणालो.

"हंगामाला सहा दिवस उरलेत. आता उकरलं तर गवत मूळ धरायचं नाही. म्हणजे खड्डा नसेल तर तू करून ठेवणार! आणि इतकी वर्षं घोडे काय तिथून उडून जात होते?"

बरोबर आहे त्यांचं. पण फळी रोज थोडी थोडी कुजते, आणि मोडते एकाच दिवशी.

१८ एप्रिल

अक्काकडे गेलो. मच्चान वजन उतरवायला दोन घोंगड्या पांघरून शेगडीशी बसला होता. सकाळपासून अर्धी इडली. विहिरीचं सांगितलं तर हसायला लागला.

"वाद्यार, मी आजवर तीनदा पडलोय. तिन्ही वेळा घोड्यावरून. विहिरीत एकदाही नाही."

"हसू नकोस मच्चान."

"बरं, नाही हसत. तसाही हसलो की भूक लागते."

अक्का हसली नाही. दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "तू उगाच काही बोलत नाहीस. काहीतरी कर रे तंबी, धाकट्या."

१९ एप्रिल

सगळं लेखी दिलं. दोन पानं, दोनदा नक्कल केली. सारांनी उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"तू मला म्हातारपणी झोपू देणार नाहीस. लाव बांबूची रेलिंग. मोज नीट."

तीनदा मोजलं. सहाशेच्या खांबाच्या अलीकडे-पलीकडे चाळीस चाळीस मीटर, आतल्या रेलिंगपासून पंधरा फूट बाहेर. आता तिथून कुणी जाऊच शकणार नाही.

"आणि बाकीचा ट्रॅक?" सार म्हणाले. "तेही तूच लिही. आता तुझ्या सहीवर माझा जास्त विश्वास आहे."

सगळी फेरी पायी केली. लिहिलं — 'बाकी ट्रॅक निर्धोक.' खाली सही. इतकी सुबक सही मी आजवर केली नव्हती.

२२ एप्रिल, शनिवार

सहा रेस झाल्या. सगळे घोडे बांबूच्या बाहेरून गेले. जॉकी शिव्या देत होते — वळण अरुंद केलं म्हणून. मच्चान दुसरा आला. जाता जाता म्हणाला, "तुझं कुंपण नसतं तर पहिला असतो. तुझ्या अक्काला तूच सांग!"

पाटी लागली. एकही चूक नाही.

झोप लागली. कितीतरी दिवसांनी.

६ मे

उद्याची चौथी रेस चौदाशे मीटरची. मच्चानकडे कुरिंजी — तांबूस घोडी, सुटताना बंदुकीच्या गोळीसारखी. यंदा नवं लोखंडी फाटक आलंय, घोडे त्यातून सुटतात. तिला आतून तिसरा कप्पा मिळाला. मच्चान खूश. अक्काने मुरुगनला गोड पणियारमचा नैवेद्य बोलला आहे.

७ मे, रविवार

लिहवत नाही.

९ मे

लिहायलाच हवं.

चौदाशेच्या खांबापाशी फाटक लावलं होतं. माझी बांबूची रेलिंग तिथून कुठल्या कुठे, ट्रॅकच्या पार दुसऱ्या अंगाला. फाटक उघडलं. कुरिंजीने मागच्या पायांवर सगळा जोर दिला आणि जमीनच गेली. मागचा भाग आत, पुढचे पाय गवत खरवडतायत. मग ती उलटी मच्चानवर आली. बाकीचे घोडे पुढे पळत होते. स्टँडमधले लोक अजून ओरडत होते. त्यांना वाटलं, ती नुसती मागे राहिली.

लोकांना दिसू नये म्हणून घोडीभोवती हिरवं कापड धरलं. एका बाजूचं टोक माझ्या हातात होतं. गोळीचा आवाज झाल्यावरही मी ते सोडलं नाही. पोन्नम्माने माझी बोटं एकेक करून उघडली.

खड्ड्यात विटांचं गोल बांधकाम. कुजलेल्या फळ्या.

सार कडेला उभे. "दुसरी विहीर," एवढंच म्हणाले.

१५ मे

मच्चानचा कणा दुखावलाय. कमरेखाली चिमटा काढला तरी कळत नाही. आज अक्काने कांजी भरवली. तो म्हणाला, "बघ वाद्यार, आता पोटभर जेवतोय. वजनाची चिंताच मिटली." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

अक्का मागोमाग आली. "तू कशाला तोंड लपवतोस? तू एक विहीर तरी शोधलीस. दुसरी कुणाला ठाऊक होती?" माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

सारही तेच म्हणाले. "लबाड कंत्राटदार! एक लिहिली, एक दडवली. क्लबला मी तसंच कळवणार. तुझ्यावर बोट ठेवील त्याला माझ्याशी गाठ आहे." हंगाम संपला की सहाशेला उकरून माझी विहीरही कायमची भरून टाकू म्हणाले.

सगळे माझ्याशी फार चांगले वागतात.

३ जून

हंगाम संपला. सोमवारी सहाशेला उकरायचं. पोन्नम्माला माणसं सांगून झाली.

५ जून, सोमवार

पहाटेच कचेरीत आलो. अजून कुणी नाही. सारांच्या पत्राला जोडायला दुसऱ्या विहिरीचा काही कागद मिळतो का ते बघत होतो. कपाटाच्या तळाशी पहिल्या वर्षीचा फोटो निघाला. जिंकायचा खांब, मागे आपलाच दगडी स्टँड, आठ घोडे येतायत.

आज घोडे येतात तेव्हा आतली रेलिंग त्यांच्या उजव्या हाताला असते. फोटोत ती डाव्या हाताला आहे. तेव्हा इथे घोडे उलट्या बाजूने पळत.

पत्रातले तीन फर्लांग त्या घोड्यांच्या बाजूने, जिंकायच्या खांबापासून मागे मोजले. आताच्या खांबांच्या हिशेबाने दोन हजारातून सहाशे गेले. चौदाशेचा खांब. तीनदा वजाबाकी केली.

बाहेर कुदळी आल्या आहेत. पोन्नम्मा हाक मारते आहे.

विहीर एकच होती.