डंखाची सवय

१४ मार्च
जायचं होतं वेल्ह्याला, मार्गासनीत उतरलो तो राहिलोच. कुंडलिकतात्यांच्या रानात मधाच्या पेट्या दिसल्या म्हणून थांबलो. तर म्हणाले, "नुसता बघतोस काय, धूर धर." जांभळी फुलल्यात. हंगाम लागला की तात्या मुद्दाम एक माशी मनगटावर चावून घेतात. "अंगाला वळख ऱ्हाती." त्यांना साधी गाठही येत नाही.

१७ मार्च
तात्यांची बायको, मंगलकाकू — त्यांना मानेला माशी चावली. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. टेम्पोत घालून नसरापूरला नेलं. मांडीत इंजेक्शन दिलं तेव्हा कुठं डोळे उघडले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, अंग विषाला नको इतकं भितं, सगळी फौजच बाहेर काढतं. फौजेला आवरणाऱ्या पेशीही अंगातच असतात. सारखं चावून घेतल्यानं तात्यांच्या शिकल्यात. काकूंच्या नाहीत, पुढची माशी जिवावर बेतेल. मी विचारलं, शिकवता येत नाहीत का? येतात — विष कणाकणानं देऊन. पण मोठ्या दवाखान्यात, डॉक्टर समोर असताना. घरी कधीच नाही.

१८ मार्च
आवरणाऱ्या पेशी! मला कुणी वेळेवर आवरलं असतं तर दहावी तरी झालो असतो. असो. काकू ओसरीच्या खाली उतरत नाहीत. पेट्यांचं सगळं त्यांच्याच हातचं. तात्यांना नुसती उचलाउचल जमते.

२२ मार्च
तात्या म्हणाले, "दवाखान्यातलं इख आन् आपल्या माशीचं इख येगळं हाय व्हय? म्या शिकलो तशी हीबी शिकंल."
मी नको म्हणालो. डॉक्टरबाईंचं सगळं पुन्हा सांगितलं. काकूच हसल्या. "सासूची सवय झाली की मला. माशीचं काय घिऊन बसलास."
मग मीही हसलो.

२५ मार्च
तात्यांनी माशी चिमटीत धरून काकूंच्या दंडावर टेकवली. काटा लगेच खरवडून काढला. आम्ही तिघं दंडाकडं बघत बसलो. रुपयाएवढी सूज आली, तेवढीच. "शिकतंय बग," तात्या म्हणाले. मलाही पटलं.

२ एप्रिल
काकू पेट्यांपाशी गेल्या. पदर तोंडावरून घेऊन, पण गेल्या. मला म्हणाल्या, "पोळं असं कापत्यात व्हय? भाकरी मोडल्यावानी?"

८ एप्रिल
काकू गेल्या. आज तात्यांनी पुन्हा माशी टेकवली, काटा थोडा वेळ राहू दिला. टेम्पो रस्त्याला लागायच्या आतच संपलं.

शिवऱ्याला दिलेल्या लेकीला कळवायचं होतं. "तू लाव फोन," तात्या म्हणाले. "पेट्यांकडं गेली न् माशी चावली, म्हण." मी लावला. पलीकडून हॅलो आलं आणि त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला.

"बाळे, माशी म्याच लावली गं."