समुद्र काढला, टोर्केल

प्रिय टोर्केल,

आज सकाळी आपल्या संगणकावरच्या खेळातून समुद्र काढून टाकला. मार्गितच्या फोनवरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दुसऱ्या भागात आता होड्या धक्क्याला नुसत्या बांधलेल्या दिसतील. कचेरीतल्या अडतीस जणांत कुणीच हरकत घेतली नाही. मार्गितच काय ती म्हणाली, "अगं, निदान आज तरी केक आणायचा नव्हता!" पण शुक्रवार होता, केक आलाच.

पहिल्या भागाच्या वेळी प्रकाशकांनी तुझं दीपगृह कापलं, तेव्हा काय भडकला होतास! दुसरा भाग आपल्याच हिमतीवर, कुणी साहेब डोक्यावर नको. पहिल्या भागाने मिळवून दिलेले सगळे पैसे त्यात ओतले आणि नियम केला: शुक्रवारी केक खाताना कुणीही काहीही सुचवावं, कुणी हरकत घेतली नाही की मंजूर. आता आपल्या मालमो शहरात चारचौघांत कोण कुणाला नाही म्हणतंय! बोलणारे पक्षी मंजूर, चार ऋतू मंजूर, आणि तुझा तो समुद्र, ज्याची प्रत्येक लाट वाऱ्यावर आपली आपण उठणार होती. "खेळणाऱ्याला घरबसल्या बोट लागली पाहिजे, यिल्वा!" म्हणायचास.

त्या समुद्रापायी तीन वर्षं गेली. एका घरात राहून आपण दुसरं काही बोलेनासे झालो. तू झोपेनासा झालास. गेल्या वसंतात डॉक्टरांनी सक्तीची रजा दिली आणि तू आईकडे गॉटलंड बेटावर निघालास. दारात म्हणालास, "माझ्यात तेवढी अक्कलच नव्हती गं." मी तुझा मफलर नीट केला. तू परत आला नाहीस.

अक्कल होती, टोर्केल. पहिल्याच हिवाळ्यात मी तुझ्या समुद्राचा पहिला नमुना लोकांच्या घरी असतं त्या साध्या यंत्रावर लावून पाहिला होता. होडी जागच्या जागी अडकली. हिशोब तीनदा केला. यंत्राचाच जीव तेवढा नव्हता. तू कितीही राबला असतास तरी ते चाललं नसतं. हे बघणं माझंच काम होतं. तू समुद्र सगळ्यांपुढे मांडलास, त्या शुक्रवारी सांगणारही होते. पण तू हातांनी लाटा करून दाखवत होतास, किती महिन्यांनी हसत होतास. मग विचारलंस, "कुणाची हरकत?" माझी होती. तुझं हसू मोडवेना म्हणून मी मान खाली घातली, आणि तुला तीन वर्षं बुडू दिलं.

तुझीच, अजूनही,
यिल्वा