पहिली पत्रिका देवाला

३ फेब्रुवारी
देवस्थानच्या ऑफिसातला कंप्युटर उघडला तर काळा पडदा नि इंग्रजीत धमकी. सगळ्या फाईली कुलूपबंद. पैसे द्या, किल्ली घ्या. सभासद महाजनांच्या याद्या गेल्या, जाऊ देत. पण बाबांचं गाऱ्हाणं! जन्मभर गावासाठी देवापुढे गाऱ्हाणं घातलं त्यांनी. जायच्या आदल्या वर्षी मी त्यांचा आवाज भरून घेतला होता. देवाचं ते देवाच्या ऑफिसात असावं, म्हणून फक्त तिथंच ठेवला. मेल्या चोराचे हात झडोत.

४ फेब्रु.
कमिटीची बैठक. अध्यक्ष शाणूबाब सगळ्यांदेखत माझ्यावर घसरला. "क्लार्क तू. कंप्युटर तुज्या ताब्यात. मगे चोर भितर सरलो कसो?" हरमलपर्यंत बोभाटा. पाव घेताना पदेरानंसुद्धा बायकोला टोमणा मारला. ती रडत घरी आली.

६ फेब्रु.
डिचोलीचा रिपेरीवाला येऊन गेला. चोर ईमेलवरच्या लग्नपत्रिकेतून शिरला. शनिवारी ती कुणीतरी उघडून छापली. शनिवारी मी मोप्याला, मेव्हण्याला विमानात बसवायला. चावी शाणूबाबकडे.
धावत देवळात. पत्रिका आहे! देवाच्या पायांशी, कुंकू लावून. देवस्थानाला आलेली पत्रिका देवापुढे ठेवायची आमची रीत. कंप्युटर कसा ठेवणार? म्हणून छापली. पुजारी म्हणाले, शाणूबाबनंच आणून दिली. नवरा-नवरी कुठले, कुणालाच ठाऊक नाही.

७ फेब्रु.
कमिटीत बोलून उपयोग नाही, सगळी त्याचीच माणसं. पोलीस म्हणतात, चोर परदेशात असेल. असू दे. इथला तर हाताशी आहे. रविवारी गाऱ्हाणं मीच घालणार.
बाबांचे शब्द जुळवत बसलो. अर्धेच आठवतात. चोराला शाप द्यायचा, तर शापच चोराकडे!

९ फेब्रु., रविवार
सगळा गाव जमलेला. घातलं, मोडक्यातोडक्या शब्दांत. "बा देवा म्हाराजा, ज्यान चोरी केली, ज्यान तेका दार उगडून दिलां आनि आळ दुसऱ्यार घातलो, तेका सोडू नको!"
गाऱ्हाण्याला होकार द्यावाच लागतो. शाणूबाब माझ्या शेजारीच. म्हटलं, आता बघू तोंड कसं उघडतो.
"व्हय म्हाराजा!"
सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. हात जोडलेले, डोळे मिटलेले.
बेरकी आहे, की त्याला खरंच कळलेलं नाही? अंगाची लाही झाली नुसती.
पत्रिका अजून देवाच्या पायांशीच आहे. पुजाऱ्यांना सांगून ठेवलंय, ती निर्माल्यात टाकायची नाही.