पाय चोळू नकोस

परळ, मुंबई
ता. ५ मार्च १९५७

सौ. शेवंतीस लवूचा आशीर्वाद, आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आबांचा खोकला उतरला का? तांबडी गाय व्याली का? माझं पायाचं दुखणं किरकोळ आहे. पोटरीवरची शीर सुजून तिच्यात रक्त गोठलंय, एवढंच. गरम ओल्या फडक्याने शेकतो, वर पट्टी बांधतो. डॉक्टर भला माणूस आहे.

इथपर्यंत आबांना वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

डॉक्टर म्हणतात, पाय उशीवर उंच ठेवून पडा, मधूनमधून चाला, पण एका जागी उभे राहू नका. अगं, गिरणीतले माग बसून चालतात का? आणि पडू कुठे? दिवसा माझ्या जागेवर रात्रपाळीचा शामराव झोपतो. मी जिन्यात बसून असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चालाही खोलीतले मला नेत नाहीत. लाठी चालली तर तू पळणार कसा, म्हणतात.

सूज मांडीपर्यंत चढली तर शीर कापून बांधून टाकणार आहेत. त्यानंतरही उभं राहणं नाहीच.

तू लिहिलंस, शिमग्याला या, रोज रात्री खोबरेल लावून पाय चोळून देते. शेवंते, चोळायची तर साफ मनाई आहे. गुठळी सुटून छातीत गेली तर माणूस जातो म्हणे.

वर्षभर मागापुढे उभा राहायचो, तो तुझ्या त्या हातांच्या भरवशावर. आता घरी येऊन तरी काय करू, सांग.

लवू