टेबल गेलं की मी जाते

मंगळवार, ३ फेब्रुवारी
चूक दुरुस्त करते. रविवारी लिहिलं होतं की टेबलाचा डावा पाय तीन मिलिमीटर आखूड आहे. आज पट्टीने मोजला. पाय बरोबर आहे, आमची फरशी उतरती आहे. टेबलावर उगाच आळ घेतला. लिलावाच्या अॅपवरच्या जाहिरातीतून 'डगमगतं' काढलं आणि 'रहाटणीत डगमगतं, इतरत्र तपासून घ्यावं' असं लिहिलं.

टेबल विकलं गेलं की मी मारुंजीला राहायला जाणार. पक्कं. ऑफिसातल्या मधुवंतीने तिच्या खोलीतली दुसरी कॉट माझ्यासाठी धरून ठेवली आहे. खोलीत टेबल मावत नाही. त्याची सोय न लावता जाणं बेजबाबदारपणा ठरेल.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
अॅपवर राखीव किंमत ठेवता येते. आकडा गुप्त असतो. बोली तिथवर पोचली नाही तर वस्तू आपल्याकडेच राहते. फार विचारपूर्वक केलेली सोय. सहा हजार ठेवले.

आई म्हणाली, "खोक्याच्या फळ्यांचे सहा हजार? त्यापण कंपनीनं फुकट दिलेल्या!"

आईला इतिहासाची किंमत नाही. लातूरहून आम्ही वर्षाच्या मधेच इकडे आलो, तेव्हा मला शाळेत घेतलं नाही. आप्पा चाकणच्या कंपनीत स्टोअरला होते. मशीन ज्या खोक्यातून आलं त्याचंच त्यांनी टेबल केलं आणि वर्षभर मला त्यावर शिकवलं. फळीवर छापलेला 'फ्रॅजाइल' हा मी वाचलेला पहिला इंग्रजी शब्द. आता तो पुसट झालाय. आई म्हणते, फळीवरनं उडाला आणि पोरीवर उमटला.

रविवार, ८ फेब्रुवारी
पुनावळ्याचं एक जोडपं टेबल बघायला आलं. शाईचा डाग, कर्कटकाचे ओरखडे, वर आलेला खिळा, सगळं मी स्वतः दाखवलं. खिळ्याने माझा फ्रॉक दोनदा फाटला होता, हेही सांगितलं. त्यांनी राखीव किंमत विचारली. विचारल्यावर लपवणं म्हणजे खोटं बोलणंच. सांगितली. बाई म्हणाल्या, "ताई, टेबल विकायचंय का नुसतं दाखवायचंय?" चहाला थांबले नाहीत. लोकांना प्रामाणिकपणाची सवय राहिलेली नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी, दुपारी ४
साडेपाच हजारांची बोली! मोबाईल पालथा ठेवला. आनंदाने.
४.०५: राखीव किंमत नऊ हजार केली. लोभ नाही. मागणी आहे म्हणजे आधी किंमत कमी लावली होती, एवढंच.

मधुवंतीचा फोन. "अगं, कॉटवर माझे ओले टॉवेल टाकून मी किती दिवस जागा अडवू?" रविवारी नक्की येते म्हणून सांगितलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी
काल गेले नाही. लिलाव चालू असताना विकणाऱ्याने पत्ता बदलणं बरोबर नाही. नियम वाचले. तसा नियम नाही, पण असायला हवा.

आईची तक्रार: आप्पा जेवतानासुद्धा मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत. या वयात लोकांना कशाचाही नाद लागतो. समजावून सांगेन.

शनिवार, २१ फेब्रुवारी
टेबल विकलं गेलं. बरोबर नऊ हजारांना. 'स्टोअर६४' नावाच्या कुणीतरी पन्नास-पन्नासने, स्वतःच्याच बोलीवर बोली चढवत नेली. राखीव किंमत गाठल्याचा मेसेज येईपर्यंत थांबलाच नाही. कोण असेल हा माणूस!

संध्याकाळी ६: अॅपने घेणाऱ्याचा पत्ता पाठवला. रहाटणी. आमची गल्ली. आमचं घर.

आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "टेबल गेलं की जाते म्हणलीस. गेलं. आता ते हितंच ऱ्हाईल. तू जा, बाई."

मी पलंगाखाली हरवलेलं पेन बराच वेळ शोधत होते.

रविवार, २२ फेब्रुवारी
नियम चौदा: घरच्यांनी बोली लावू नये. मनाला टोचत होतं. अॅपला स्वतःहून कळवलं आणि व्यवहार रद्द करायची विनंती केली. आता नव्याने, स्वच्छ लिलाव. राखीव किंमत अकरा हजार.

गुरुवार, २६ फेब्रुवारी
अॅपने व्यवहार रद्द केला. माझं खातं बंद. आप्पांचंही. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आहेत.

आप्पांना सांगितलं. ते नुसते हसले, मग पक्कड आणून तो वर आलेला खिळा काढून टाकला. इतकी वर्षं का नाही काढला, असं विचारलं, तर म्हणाले, "तू तक्रारच नाही केलीस कधी."

आईने माझी पुस्तकं उचलली आणि टेबलावर मिक्सर ठेवला. "मापात बसतंय बघ," म्हणाली. ही नोंद मांडीवर वही धरून लिहिते आहे.

मधुवंतीचा मेसेज: दुसरी एक मुलगी कॉट बघून गेली, तरी सोमवारपर्यंत तुझ्यासाठी थांबते. शिवाय विचारलंय, रहाटणी ते मारुंजी नेमकं किती लांब आहे? मॅपवर पाहिलं. दहा पूर्णांक आठ किलोमीटर.

बॅग भरली. आप्पा सोडायला येणार आहेत, स्कूटरवरून. निघायची वेळ: सोमवार, २ मार्च, सकाळी पावणेआठ.