उतरवून घेतलेला आवाज

१४ ऑक्टोबर

संगणक नेला. पडदा नि की-बोर्ड ठेवलेत, फक्त डबा नेला. टेबलावर त्याच्या जागी धुळीचा चौकोन उरलाय. पुसायचं त्राण नाही.

पहाटे बेल वाजली तेव्हा वाटलं, खालची इरमिना पडली की काय. दार उघडलं तर दोन पोलीस, एक जाडा नि एक बारीक. जाड्याने आधी पायपुसण्यावर बूट पुसले — एवढं सौजन्य! मग कागद वाचला. सरकारी वकिलाचा हुकूम, एका चित्रपट कंपनीची तक्रार. आमच्या घरच्या इंटरनेटवरून त्यांचा सिनेमा लोकांत वाटला गेला म्हणे. इंटरनेट माझ्या नवऱ्याच्या, सेवेरिनच्या नावावर, म्हणून जाब त्याला विचारायचा.

सेवेरिन पायजम्यावरच बाहेर आलेला. गळ्यावरच्या भोकावर रुमालसुद्धा नाही. बोलायचं यंत्र आत उशाशी राहिलेलं. नुसती मान हलवत होता. बारीक पोलीस म्हणाला, "साहेब, गप्प बसून काही होणार नाही." असा संताप आला मला! म्हटलं, त्याला घसा नाहीये. कॅन्सर होता, तीन वर्षांपूर्वी काढलाय. मग तो बिचारा कानापर्यंत लाल झाला.

आणि सांगूनच टाकलं — सिनेमे मी उतरवले, यांचा काही संबंध नाही. कुठला सिनेमा तेही सांगितलं. इटलीतला, दोन भावांच्या भांडणाचा, फार जुना. जाड्याला नवल वाटलं. "या वयात असलं कशाला पाहता, बाई?"

"पाहत नाही. ऐकते," म्हटलं.

पोलिसांना काही कळलं नाही. सेवेरिनला कळलं.

१५ ऑक्टोबर

दिवसभर लिहायची पाटीही हातात घेतली नाही त्याने. संध्याकाळी तिच्यावर लिहून विचारलं, किती दिवस चाललंय. म्हटलं, ईस्टरपासून. मग लिहिलं, "मी बागेवर गेलो की?" हो. गावाबाहेरच्या आमच्या बागेच्या तुकड्याकडे जाणारी त्याची ट्रॅम वळणाआड गेली की मी कानात इअरफोनचे गोळे घालून बसायची. त्याने पाटी पुसली, पुसलेली पुन्हा पुसली.

दुसऱ्या कुणाला सांगू? इथेच लिहिते.

तो लेक्टर होता. परदेशी सिनेमा टीव्हीवर लागला की त्यातल्या सगळ्यांचं बोलणं एकट्याने आपल्या भाषेत वाचायचं. नायक असो, नायिका असो, तान्हं मूल असो, सगळे सेवेरिनच्या आवाजात. सपाट, खोल, ऊन लागलेल्या लाकडासारखा आवाज. त्याचा चेहरा कुणी ओळखत नसे. पण बेकरीत त्याने राईचा पाव मागितला की अख्खी रांग वळून बघायची. मीही आवाजालाच भुलले. चेहरा नंतर पाहिला, आणि खरं सांगायचं तर जरा हिरमुसलेच.

ऑपरेशनच्या आधी त्याने घरातल्या आपल्या आवाजाच्या सगळ्या कॅसेटी बागेवर नेऊन जाळल्या. मला म्हणाला, "घरात दोघंच राहायचं. तिसरा नको." त्याच्या खऱ्या आवाजातलं ते जवळजवळ शेवटचं वाक्य.

विकत का नाही घेतलंस, असं कुणीही विचारेल. घेतलं की! दुकानांतून हिंडले. तेच सिनेमे, चकचकीत डब्यांत — आणि आत नवा लेक्टर. सेवेरिनला पुसून टाकलंय सगळीकडून. तो उरलाय फक्त लोकांनी घरच्या टीव्हीवरून भरलेल्या जुन्या कॅसेटींवर. त्या कुणीकुणी संगणकावर चढवल्यात. इरमिनाने शोधून दिलं. ती नि मी पेन्शनरांच्या संगणक वर्गात एका बाकावर बसतो.

२१ ऑक्टोबर

पोलीस ठाण्यावर जबाब झाला. जाडाच होता. दोन बोटांनी टाइप करतो.

मी तयारीनिशी गेले होते. वर्गातल्या मास्तरणीने सांगितलंय — आपल्या देशात स्वतःपुरता सिनेमा उतरवून घेणं गुन्हा नाही. जाडा म्हणाला, बरोबर आहे. जीव भांड्यात पडला. मग त्याने सहज विचारलं, सिनेमा उतरला की संगणक बंद करत होतात ना?

मी म्हटलं, "छे! चालू ठेवायची. मी काही अप्पलपोटी नाही."

आणि समजावून सांगत बसले त्यालाच — हुशारीने! की सिनेमा तुकड्यातुकड्याने येतो, आपल्याकडे आलेले तुकडे पुढच्याला जातात, सगळ्यांनीच घेऊन संगणक मिटला तर कुणालाच काही मिळणार नाही. इरमिनाने शिकवलेलं सगळं. त्याची बोटं थांबली. म्हणाला, "बाई, हे बोलायला नको होतं." पण लिहून घेतलं.

तिथून फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईकडे. तिने डोक्याला हात लावला. घेणं गुन्हा नाही, देणं गुन्हा! नकळत दिलं असतं तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. जाणूनबुजून दिलं असं मीच सही करून सांगितलंय. आता मी आरोपी.

आमच्या पिढीला हे कळायचं कसं? टंचाईच्या काळात ज्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात टॉयलेट पेपर यायचा त्या दिवशी त्याच्या गुंडाळ्यांची माळ गळ्यात घालून घरी येताना जिन्यातल्या प्रत्येक दारावर थाप मारायची — आलंय, पळा! न सांगणाऱ्याशी कुणी बोलत नसे. एकटं खाऊन गप्प बसणाऱ्याला कायदा सोडतो, आणि हाक मारणाऱ्याला धरतो.

सेवेरिनला सगळं सांगितलं. त्याने सूप संपवलं नि ताट उचलून ठेवलं.

१ नोव्हेंबर

आज सर्व संतांचा दिवस. कबरींवर गेलो. त्याच्या आईला नि माझ्या दादाला दिवे लावले. गर्दी, चिखल, मेणाचा वास.

दिवे विकणाऱ्या बाईशी तो यंत्र लावून बोलला. बहिणीशीही बोलला. माझ्याकडे वळला आणि खिशातून पाटी काढली.

त्याचं बरोबर आहे. माझे कान उत्तम आहेत. पण ते यंत्र दाढीच्या मशीनसारखं घरघरतं, सगळे शब्द एकाच सुरात. पहिल्या दिवसापासून मला ते सोसेना. "लिही ना, ऐकू येत नाही," म्हणत राहिले. तो महिनोन्‌महिने घसा काढलेल्यांच्या क्लबात जाऊन त्यावर बोलायला शिकला, आणि घरी आल्यावर त्याला मी लिहायला लावलं. मग दुपारी चोरून दुसऱ्याला ऐकत बसले.

लाज वाटते. एवढंच.

१२ नोव्हेंबर

आजचा सगळा संसार पाटीवर एका शब्दात — "मीठ."

२० नोव्हेंबर

सरकारी वकिलाच्या कचेरीत बोलावलं होतं. कंपनीचा वकील आलेला — गुळगुळीत, अदबशीर. समझोता करा म्हणाला. माफीनाम्यावर सही करा, भरपाई भरा, आम्ही तक्रार मागे घेतो. माझ्या वकीलबाईला ते पटत होतं. मलाही सही करून घरी जायचं होतं.

सेवेरिन न सांगता मागच्या ट्रॅमने आला. टोपी काढली, यंत्र गळ्याला लावलं.

"त्या सिनेमात बोलतोय तो मी आहे," म्हणाला.

कंपनीच्या वकिलाला माहीत नव्हतं. लहानपणापासून ऐकत आलोय म्हणाला, उठून हातही मिळवला. मनापासून मिळवला असावा. पण मग म्हणाला, "आवाज तुमचा, साहेब. सिनेमा आमचा."

"मग माझा आवाज तेवढा परत द्या," सेवेरिन म्हणाला. "सिनेमा ठेवा तुम्ही."

सरकारी वकीलबाईने फाइल मिटली, नंतर कळवते म्हणाली. मी सही केली नाही.

ट्रॅममध्ये मला वाटलं, आता बोलेल माझ्याशी. म्हटलं, छान बोललास. त्याने पाटी काढली. लिहिलं — कंपनीचं तसं चूक नाही. सिनेमा करणाऱ्यांनाही खायला लागतं. चोरी ती चोरी. मी वाचल्याचं पाहून पुसलं आणि खाली लिहिलं, "पण तू त्यांचं नाही चोरलंस. माझं चोरलंस."

समोर एक बाई टोपलीत कोंबडी घेऊन बसली होती. तिच्यादेखत रडले.

८ डिसेंबर

इरमिना वर आली होती. तिलाही नोटीस येईल या भीतीने तिने संगणकावर टेबलक्लॉथ टाकलाय! खूप दिवसांनी हसले. सेवेरिन स्वयंपाकघरात होता, हसला की नाही दिसलं नाही.

२४ डिसेंबर

नाताळची आदली संध्याकाळ, घरात आम्ही दोघंच. लाल बीटाचं सूप, कार्प मासा, खसखशीची गुंडाळी — सगळं केलं. कुणासाठी, असं सकाळपासून मनात येत होतं.

पहिली चांदणी दिसल्यावर वेफर — चर्चमधून आणलेला, पापडासारखा पातळ पावाचा तुकडा — मोडायचा. एकमेकांच्या हातातल्या वेफरचा तुकडा मोडून घ्यायचा नि तोंडाने शुभेच्छा द्यायच्या. त्याशिवाय जेवायला बसायचं नसतं. मी पाटी पुसून त्याच्या ताटाशी ठेवली होती. त्याने ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. माझ्या वेफरचा तुकडा मोडला, यंत्र लावलं.

"तुझे कान सुधारोत, तेक्ला."

हसू आलं, मग रडू आलं, आणि ते काही थांबेना. मी म्हटलं, सुधारले. खरंच सुधारले. माझी शुभेच्छा द्यायची राहूनच गेली. त्याने आपणच माझ्या तोंडात वेफर घातला.

मग जेवणभर बोलला! माशात काटे फार, सूप आंबट, बहीण कंजूष. सगळं ऐकू आलं. एकदाही पुन्हा विचारलं नाही.

६ जानेवारी

तीन वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडतंय. सकाळी पेपर मोठ्याने वाचतो. शेजाऱ्यांच्या बातम्या पुरवतो. टीव्हीवर सिनेमा लागला की नव्या लेक्टरच्या वरताण आपण घरघरतो — "घाई बघ याची! नायिका मेली तरी हा श्वास घेत नाही!" दुपारपर्यंत यंत्राची बॅटरी संपते. ती चार्जिंगला लागली की काय शांत वाटतं!

आज म्हटलं, पुरे बाबा, डोकं उठलं. तर म्हणाला, "आता लिहून नाही देणार. ऐक."

२७ जानेवारी

ताप. छातीत घुरघुर. डॉक्टरने दवाखान्यात न्यायला सांगितलं. गाडीत यंत्राची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

२ फेब्रुवारी

सेवेरिन गेला.

८ फेब्रुवारी

दफन झालं. रेडिओवर बातमी दिली, मागे त्याचा आवाज लावला. कितीतरी अनोळखी लोक आले. एका म्हाताऱ्याने माझा हात सोडला नाही. म्हणाला, आमच्या घरात दर रविवारी टीव्हीतून साहेबच बोलायचे. सगळ्यांचं म्हणणं एकच — तुम्ही नशीबवान, त्यांचा आवाज तर आहे! मी हो हो म्हणत राहिले.

१८ मार्च

निकाल आला. समाजाचं नुकसान नगण्य, प्रकरण बंद. तो इटलीचा सिनेमा तेवढा पुसायचा, बाकी सगळं परत.

डबा जाड्यानेच आणून दिला. आजही बूट पुसले. टोपी काढून म्हणाला, "बाई, त्यांचे बाकीचे सगळे सिनेमे तसेच आहेत. मी बघून घेतलंय." चहा दिला त्याला. मग तारा जोडून बसले.

१९ मार्च

दिवसभर ऐकलं. सुंदर आवाज आहे, टीव्हीवरच्या माणसाचा. मला तो घरघरणारा हवाय. तो जगात कुणीच उतरवून घेतलेला नाही. मीसुद्धा नाही.